बॅट सेन्सर

बॅट सेन्सर किंवा बॅट संवेदक हे बेसबॉल, सॉफ्टबॉल आणि क्रिकेट या खेळांत बॅटच्या हालचालीचे मोजमाप करणारे छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. काही सेन्सर बॅटच्या मुठीच्या टोकावर रबरी टोपीने बसवतात, काही मुठीच्या आत कायमचे बसवलेले असतात, तर क्रिकेटमध्ये स्टिकरच्या रूपातील सेन्सरही वापरले गेले आहेत. फलंदाजाने बॅट फिरवली की बॅटचा वेग, तिचा कोन आणि फटक्याला लागलेला वेळ यांची नोंद होते व ती बिनतारी पद्धतीने मोबाइल फोनवर दिसते. बॅट फिरवण्याच्या या क्रियेला सॉफ्टबॉल व बेसबॉलमध्ये ‘स्विंग’ म्हणतात. क्रिकेटमध्ये हाच शब्द चेंडू हवेत वळण्यासाठी रूढ आहे. या लेखात तो पहिल्या अर्थाने वापरला आहे.

बॅट सेन्सर बॅटचे मोजमाप करतो, चेंडूचे किंवा फलंदाजाच्या निर्णयाचे नाही. या उपकरणाचे उपयोग आणि मर्यादा या दोन्हींचे मूळ याच गोष्टीत आहे.

पार्श्वभूमी

सॉफ्टबॉल व बेसबॉलमध्ये फलंदाजाला निर्णयासाठी फारच थोडा वेळ मिळतो. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचरची पट्टी आणि होमप्लेट यांत १३.११ मीटर अंतर असते. चेंडू सोडताना पिचर पुढे आलेली असल्याने प्रत्यक्ष अंतर त्याहूनही कमी भरते. चेंडू ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर वेगाने आला, तर १३.११ मीटरचे पूर्ण अंतरही तो अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. बेसबॉलमध्ये हे अंतर १८.४४ मीटर असले तरी चेंडूचा वेग अधिक असतो, त्यामुळे मिळणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो.

या वेळातला सुमारे ०.१५ सेकंद बॅट प्रत्यक्ष फिरण्यात जातो. उरलेल्या वेळात चेंडू ओळखायचा, तो सोडायचा की मारायचा हे ठरवायचे आणि शरीराला हालचालीचा आदेश द्यायचा असतो. स्विंगचा वेळ ०.०२ सेकंदाने कमी झाला, तर वरील उदाहरणातील चेंडू फलंदाजाला आणखी सुमारे ५५ सेंटिमीटर येईपर्यंत पाहता येतो. इतका लहान फरक प्रशिक्षकाच्या अनुभवी डोळ्यालाही नेमका सांगता येत नाही. बॅट सेन्सरची गरज येथूनच निर्माण झाली.

बॅटच्या वेगाचे महत्त्व भौतिकशास्त्राच्या एका सोप्या सूत्रातून कळते. बॅट चेंडूवर नेमकी बसली असता टोलवलेल्या चेंडूचा वेग हा येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा सुमारे ०.२ पट आणि बॅटच्या वेगाचा सुमारे १.२ पट यांच्या बेरजेइतका असतो. हे गुणांक बॅट, चेंडू आणि आघाताची जागा यांनुसार थोडे बदलतात. चेंडू व बॅट या दोहोंचा वेग ताशी ९० किलोमीटर असेल, तर टोलवलेला चेंडू ताशी १२६ किलोमीटर वेगाने निघतो. येणाऱ्या चेंडूचा वेग ५ किलोमीटरने वाढला तर त्यात फक्त १ किलोमीटरची भर पडते. बॅटचा वेग तेवढाच वाढला तर ६ किलोमीटरची भर पडते.

रचना

बॅट सेन्सरमध्ये सामान्यतः पुढील भाग असतात :

• त्वरणमापी – तीन परस्परलंब दिशांतील त्वरण मोजतो. बॅट स्थिर असताना गुरुत्वाकर्षणाची दिशा त्यावरून कळते.
• जायरोस्कोप – बॅट तीन अक्षांभोवती किती वेगाने फिरत आहे ते मोजतो.
• चुंबकत्वमापी – पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ठरवण्यास मदत करतो. तो सर्वच सेन्सरमध्ये नसतो. धातूच्या वस्तूंजवळ त्याच्या नोंदी बिघडू शकतात.
• सूक्ष्मप्रक्रियक, बॅटरी आणि ब्लूटूथ यंत्रणा.

त्वरणमापी व जायरोस्कोप सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेल्या अतिसूक्ष्म यांत्रिक रचनांपासून बनतात. मोबाइल फोन आडवा धरला की पडद्यावरील चित्र आडवे होते, तेही याच प्रकारच्या भागांमुळे. फोनसाठी हे भाग मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्यावर त्यांचा आकार व किंमत कमी झाली आणि खेळाच्या साहित्यात ते बसवणे शक्य झाले.

सेन्सर मुठीच्या टोकाला बसवण्यामागे ठोस कारण आहे. फिरणाऱ्या वस्तूवरील बिंदूचे केंद्राकडील त्वरण हे कोनीय वेगाचा वर्ग आणि केंद्रापासूनचे अंतर यांच्या गुणाकाराइतके असते. बॅट सेकंदाला ३५ रेडियन वेगाने फिरत आहे असे समजू. केंद्रापासून १० सेंटिमीटरवरील सेन्सरला गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे साडेबारा पट त्वरण सोसावे लागते. ८० सेंटिमीटरवर हेच त्वरण सुमारे १०० पट होते. शिवाय बॅटच्या जाड भागावर चेंडूचा थेट आघात होतो. मुठीच्या टोकाला सेन्सर सुरक्षित राहतो आणि त्याच्या काही ग्रॅम वजनाने बॅटचा तोलही फारसा बिघडत नाही.

कार्यपद्धती

फलंदाज पवित्रा घेऊन क्षणभर स्थिर उभा राहतो तेव्हा सेन्सर गुरुत्वाकर्षणाच्या साह्याने बॅटची मूळ स्थिती निश्चित करतो. बॅट हलू लागली की जायरोस्कोपच्या लागोपाठच्या नोंदींची बेरीज करून बॅटची दिशा क्षणाक्षणाला काढली जाते. बॅट चेंडूवर आदळल्यावर त्वरणात एकदम उसळी येते. तोच आघाताचा क्षण मानला जातो. चेंडूशिवाय केलेल्या स्विंगमध्ये अशी उसळी नसते, म्हणून तेथे हा क्षण अंदाजाने ठरवावा लागतो.

बॅटचा वेग सेन्सरच्या जागी मोजून उपयोग नसतो. तो बॅटच्या ‘स्वीट स्पॉट’पाशी, म्हणजे जेथे चेंडू बसला असता फटका सर्वांत जोरकस जातो त्या भागापाशी, हवा असतो. बेसबॉलमध्ये यासाठी बॅटच्या टोकापासून सुमारे १५ सेंटिमीटर आतील बिंदू धरण्याची पद्धत आहे. सेन्सर मुठीवर आणि हा बिंदू दुसऱ्या टोकाकडे असल्याने तेथील वेग गणिताने काढतात. वरील उदाहरणात सेकंदाला ३५ रेडियन व ८० सेंटिमीटर अंतर घेतले, तर वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०१ किलोमीटर येतो. प्रत्यक्षात हातही पुढे सरकत असल्याने गणित याहून गुंतागुंतीचे असते. यासाठी बॅटची लांबी व वजन ॲपमध्ये अचूक भरणे आवश्यक आहे. एका बॅटवरचा सेन्सर दुसऱ्या बॅटवर चढवून जुनीच माहिती तशी ठेवली, तर वेगाचा आकडा चुकतो.

प्रमुख मापे

• बॅटचा वेग – आघाताच्या क्षणी स्वीट स्पॉटचा वेग.
• हातांचा कमाल वेग – मुठीजवळच्या भागाचा सर्वाधिक वेग.
• आघातापर्यंतचा वेळ – बॅट खाली येऊ लागल्यापासून चेंडूला लागेपर्यंतचा काळ.
• आक्रमण कोन – आघाताच्या क्षणी बॅटचा मार्ग जमिनीच्या पातळीशी किती वर किंवा खाली आहे ते दर्शवतो.
• उभा कोन – आघाताच्या क्षणी बॅटचे टोक मुठीपेक्षा किती खाली किंवा वर आहे ते सांगतो.

आक्रमण कोनाचा अर्थ चेंडूच्या मार्गाशी ताडून घ्यावा लागतो. बेसबॉलमधील चेंडू उंचवट्यावरून येतो आणि होमप्लेटपाशी तो खाली उतरत असतो. बॅट किंचित वर जात असेल तर ती चेंडूच्या मार्गात अधिक काळ राहते आणि वेळेची थोडी चूक खपून जाते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून हात फिरवून टाकला जातो आणि पिचरसाठी उंचवटा नसतो. त्यामुळे बेसबॉलसाठी सुचवलेले कोन सॉफ्टबॉलमध्ये जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

इतिहास

इ.स. २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत झेप, ब्लास्ट मोशन आणि डायमंड कायनेटिक्स या कंपन्यांनी बॅटवर बसवायचे सेन्सर बाजारात आणले. आरंभी ते स्वतंत्र जोडणी म्हणून विकले जात. पुढे झेप व ओल्ड हिकरी या बॅट बनवणाऱ्या कंपनीने मुठीतच सेन्सर बसवलेली लाकडी बॅट तयार केली. २०१६ मध्ये अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलने ब्लास्ट मोशन व डायमंड कायनेटिक्स यांचे सेन्सर मैदानावरील सरावासाठी मान्य केले. प्रत्यक्ष सामन्यासाठी ही मान्यता नव्हती.

सामन्यातील मोजणीसाठी मेजर लीगने वेगळा मार्ग निवडला. मैदानाभोवती बसवलेल्या हॉक-आय कॅमेऱ्यांनी बॅटचा माग काढून मिळवलेली माहिती मे २०२४ पासून सर्वांसाठी खुली झाली. त्यानुसार तेथील खेळाडूंच्या बॅटचा सरासरी वेग ताशी सुमारे ११६ किलोमीटर (७२ मैल) आहे आणि ताशी ७५ मैल, म्हणजे सुमारे १२१ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाचा स्विंग ‘वेगवान’ गणला जातो. कॅमेरा पद्धतीत बॅटवर काहीही बसवावे लागत नाही. मात्र तिचा खर्च मोठ्या व्यावसायिक मैदानांनाच परवडतो. शाळा, महाविद्यालये आणि लहान क्लब यांच्यासाठी सेन्सर हाच तुलनेने स्वस्त पर्याय राहिला आहे.

क्रिकेटमधील वापर

भारतात बॅट सेन्सरची ओळख प्रामुख्याने क्रिकेटमधून झाली. जून २०१७ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये झालेल्या चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत इंटेलच्या क्यूरी या संचावर आधारित ‘बॅटसेन्स’ सेन्सर वापरण्यात आला. तो स्पेक्युलर या कंपनीने विकसित केला होता आणि बॅटच्या मुठीच्या वरच्या टोकाला बसवला जात असे. बॅट मागे उचलण्याचा कोन, बॅटचा वेग आणि फटक्यानंतरचा तिचा मार्ग यांची नोंद त्यातून मिळत असे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये भारताचे माजी कर्णधार अनिल कुंबळे यांच्या स्पेक्टाकॉम या कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने ‘पॉवर बॅट’ सादर केली. मुंबईत जाहीर झालेल्या या पद्धतीत बॅटच्या खांद्याजवळ पाच ग्रॅमहून हलका स्टिकर चिकटवला जातो. बॅटचा वेग, आघाताच्या वेळी बॅटला बसणारा पीळ आणि चेंडू स्वीट स्पॉटच्या किती जवळ लागला यांवरून फटक्याची ताकद काढली जाते. तिच्यासाठी ‘स्पेक’ हे एककही योजण्यात आले. त्याच वर्षी तमिळनाडू प्रीमियर लीगच्या प्रक्षेपणात ही पद्धत वापरली गेली होती.

क्रिकेटची बॅट चपटी असल्याने तिच्या पाठीकडील बाजूस स्टिकर चिकटवण्याजोगी जागा मिळते. सॉफ्टबॉल व बेसबॉलची बॅट गोल असते व कोणत्याही बाजूने चेंडूला लागू शकते, म्हणून तेथे मुठीचे टोक हीच सोयीची जागा ठरते. मोजमापांचा अर्थही खेळागणिक बदलतो. सॉफ्टबॉलमध्ये बॅट बहुधा आडव्या पातळीत फिरते. क्रिकेटमध्ये सरळ बॅटने मारलेला ड्राइव्ह आणि आडव्या बॅटने मारलेला पुल यांच्यासाठी एकच आदर्श कोन सांगता येत नाही.

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात

दक्षिण महाराष्ट्रातील सातारा आणि सांगली हे कृष्णाकाठचे शेजारी जिल्हे क्रीडा खात्याच्या कोल्हापूर विभागात येतात. शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉल व बेसबॉल या दोन्ही खेळांचा समावेश असून संघ जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी पुढे जातात. दोन्ही जिल्ह्यांतील अनेक महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी (स्थापना १९६२) संलग्न आहेत.

फलंदाजीच्या परंपरेतही सांगलीचे स्थान महत्त्वाचे आहे. विजय हजारे यांचा जन्म १९१५ मध्ये सांगलीत झाला. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड कसोटीच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके केली आणि १९५२ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. २०२५ चा महिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाची उपकर्णधार स्मृती मंधाना सांगलीजवळच्या माधवनगरात वाढली. हजारे यांच्या काळात फटक्याचा दर्जा पाहणाऱ्याच्या शब्दांतूनच सांगता येत असे. मंधानाच्या पिढीच्या काळात तो अंशांत आणि किलोमीटरमध्येही सांगता येऊ लागला.

ज्या शाळांकडे सेन्सर नाही त्यांना मोबाइल फोनच्या मंदगती चित्रीकरणावरून बॅटच्या वेगाचा अंदाज घेता येतो. अनेक फोन सेकंदाला २४० चित्रे टिपतात. फोन तिपाईवर स्थिर ठेवावा आणि बॅट ज्या पातळीत फिरते तिच्याशी काटकोनात धरावा. आडव्या स्विंगसाठी तो वरून, उंच जागेवरून धरणे सोयीचे असते. बॅटची लांबी ठाऊक असल्याने चित्रातील अंतराचे प्रमाण ठरवता येते. सॉफ्टबॉलच्या नियमांनुसार ही लांबी जास्तीत जास्त ३४ इंच, म्हणजे ८६.४ सेंटिमीटर असते. आघाताआधीच्या दोन लागोपाठ चित्रांत स्वीट स्पॉट १० सेंटिमीटर सरकला असेल, तर वेग सेकंदाला २४ मीटर, म्हणजे ताशी ८६.४ किलोमीटर होतो. अंतर मोजताना १ सेंटिमीटरची चूक झाली, तर उत्तरात ताशी ८.६ किलोमीटरचा फरक पडतो. त्यामुळे एका चित्रफितीवर न विसंबता अनेक स्विंगची सरासरी घ्यावी. ही पद्धत भर उन्हात अधिक चांगली चालते, कारण कमी प्रकाशात वेगवान बॅटची प्रतिमा पुसट येते.

त्वरणमापी व जायरोस्कोप असलेले तयार संच विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी सहज मिळतात. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७) आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) यांसारख्या संस्था या दोन जिल्ह्यांत असल्याने, खेळाचे मैदान आणि इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा यांत येथे फारसे अंतर नाही. असा संच करताना जायरोस्कोपची मर्यादा तपासणे महत्त्वाचे असते. सामान्य जायरोस्कोप सेकंदाला २००० अंशांपर्यंत, म्हणजे सुमारे ३५ रेडियनपर्यंतच मोजतो. ताकदवान फलंदाजाचा स्विंग ही मर्यादा ओलांडतो आणि मग नोंद तेथेच अडकून राहते.

नियम

सॉफ्टबॉलमध्ये बॅटच्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई असून बदललेली बॅट वापरणारा खेळाडू शिक्षेस पात्र ठरतो. मुठीला बाहेरून वस्तू जोडल्यास तोच प्रश्न उद्भवू शकतो. त्यामुळे सेन्सर मुख्यतः सरावात वापरतात. सामन्यात तो वापरायचा असेल तर स्पर्धेच्या नियमांत तशी तरतूद व पंचांची अनुमती असावी लागते.

मर्यादा

जायरोस्कोपच्या नोंदींची बेरीज होत असताना त्यांतील लहान चुकांचीही बेरीज होते. म्हणूनच प्रत्येक स्विंगपूर्वी बॅट क्षणभर स्थिर असणे आवश्यक ठरते. रबरी टोपी थोडी तिरकी बसली तरी कोनांची मापे बदलतात. वेगवेगळ्या कंपन्या आघाताचा क्षण व स्विंगचा आरंभ वेगवेगळ्या रीतीने ठरवतात. त्यामुळे एका कंपनीच्या सेन्सरवरील आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी ताडणे योग्य नसते. एकाच खेळाडूच्या, एकाच बॅटवरील, एकाच सेन्सरने घेतलेल्या आजच्या व महिन्यापूर्वीच्या नोंदींची तुलना हा या उपकरणाचा सर्वांत भरवशाचा उपयोग होय.

स्ट्राइक क्षेत्राबाहेरचा चेंडू सोडून देणे हे फलंदाजाचे मोठे कौशल्य आहे, पण न फिरवलेल्या बॅटची नोंद सेन्सरमध्ये होत नाही. चुकीच्या चेंडूवर केलेला जोरदार स्विंग मात्र त्यात उत्तम दिसतो. केवळ वेग वाढवण्याच्या नादात खेळाडू हातांची झेप लांबवतो. त्यामुळे वेग वाढला तरी आघातापर्यंतचा वेळही वाढतो आणि वेगवान पिचरसमोर तो उशिरा पडतो. यासाठी वेग व वेळ हे दोन आकडे नेहमी एकत्र वाचले जातात. निवड चाचणीत केवळ बॅटच्या वेगावरून क्रम लावल्यास वयाने व शरीराने लहान खेळाडूंवर अन्याय होण्याची शक्यता असते.

माहितीची सुरक्षितता

सेन्सरची माहिती सहसा कंपनीच्या सर्व्हरवर साठवली जाते. तिच्याबरोबर खेळाडूचे नाव, वय, उंची व वजन यांचीही नोंद होऊ शकते. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून अशा व्यक्तीच्या माहितीवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. शालेय संघांतील बहुतेक सर्व खेळाडू या वयोगटात मोडतात. कंपनीने ॲपची सेवा बंद केल्यास जुन्या नोंदी हाती राहत नाहीत. म्हणून त्या ठराविक काळाने वहीत किंवा संगणकावर उतरवून ठेवणे हिताचे असते.

हे सुद्धा पहा

• सॉफ्टबॉल
• बेसबॉल
• क्रिकेट बॅट
• जायरोस्कोप
• हॉक-आय